सातशे ऐंशी अंश

४ फेब्रुवारी

ही वही फक्त तापमानाच्या नोंदींसाठी आहे. कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरची अशीच वही मी छत्तीस वर्षं लिहिली. डिसेंबरअखेर निवृत्त झालो आणि महिनाभर घरात बायकोच्या, तोमिएच्या, पायात पायात येत राहिलो. शेवटी काल तीच म्हणाली, "अहो, आकड्यांवाचून तुम्हाला करमत नाही ना? मग माझ्या भट्टीचे आकडे काढा."

मी बघतच राहिलो. या घरात आजवर कुणी आकडा विचारलेला नाही. माझे सासरे भट्टीच्या भोकातून आतला रंग बघायचे आणि "बस" म्हणायचे. तोमिएही तेच करते. मी घरजावई. लग्नात त्यांचं मोरिवाकी हे आडनाव घेतलं, पण मातीला कधी हात लावला नाही.

परिस्थिती अशी आहे. सासऱ्यांच्या वेळची माती संपली. ती ज्या टेकडीतून यायची तिथे आता घरं झाली आहेत. नवी माती दुकानातली. राकू पद्धतीचा चहाचा वाडगा दोनदा भाजावा लागतो. पहिली भाजणी नुसत्या मातीची, विजेच्या भट्टीत, सावकाश. मग झिलई लावून दुसरी, छोट्या भट्टीत, झपाट्यानं. तो लालबुंद असतानाच लांब चिमट्यानं बाहेर ओढायचा. पहिल्या भाजणीत जास्त भाजला तर माती आवळून बसते आणि दुसऱ्या वेळी तो झटका सोसत नाही, टण् करून तडकतो. कमी भाजला तर चिमट्यातच कड मोडते.

जानेवारीत तोमिएनं सहा वाडगे केले. चार तडकले, दोनांच्या कडा मोडल्या. म्हणजे एकाच हाताचे वाडगे, काही जास्त भाजलेले, काही कमी. तिच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं. माझं मत: रंग बघून भाजायची पद्धत या मातीला चालणार नाही.

तेराओबाईंसाठी वाडगा हवा आहे. बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, तोमिएच्या लहानपणापासून तिला चहाच्या विधीचे धडे देणाऱ्या. २४ मेला त्या शेवटचा चहा करणार आणि शिकवणं थांबवणार. सासऱ्यांनी त्यांना दिलेला काळा वाडगा तीन वर्षांपूर्वीच्या भूकंपात फुटला. "तुझ्या हातचा दे," असं त्यांनी तोमिएला सांगितलं आहे.

१२ फेब्रुवारी

९५० अंश, वीस मिनिटं स्थिर. तीन छोट्या वाट्या. पुढे पन्नास पन्नासनं खाली यायचं, ७०० पर्यंत.

तापमापकाची तार मी भट्टीत सोडली होती, तरी तोमिए शेजारी बसून विचारत राहिली, "आत रंग कसा दिसतोय?"

"नारिंगी."

"नारिंगी कसा? गाजरासारखा की भोपळ्यासारखा?"

"गाजर."

"नीट बघून सांगा हो. जून गाजर की कोवळं?"

म्हटलं, गाजर-भोपळा कशाला, साडेनऊशे म्हण की. ती म्हणाली, "साडेनऊशेला रंग कुठे असतो?" मला शिकवायचा तिचा विचार दिसतो. साठीला आलेल्या माणसाला शिकवताना चिडली नाही, हे विशेष. सासरे असते तर चिमटा फेकून मारला असता.

१६ फेब्रुवारी

दुसरी भाजणी. तिन्ही तडकल्या.

२६ फेब्रुवारी

९०० च्या वाट्या तडकल्या. तिन्ही.

तोमिए आज केस कापायला म्हणून शहरात गेली होती. अधूनमधून गुरुवारी जाते. चार वाजता आली तेव्हा केस होते तेवढेच होते. पण डोळे मात्र फार मोठे आणि काळेभोर दिसत होते, लग्नाच्या फोटोत आहेत तसे. मला राहवलं नाही. म्हणालो, "आज फार सुंदर दिसतेस."

तिनं चपला काढल्या आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली.

मी काय चुकीचं बोललो कळलं नाही. पस्तीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच बोललो, म्हणून असेल.

७ मार्च

८५०. तीनपैकी दोन तडकल्या. सुधारणा आहे.

१० मार्च

तापमानाची नोंद नाही. तरी लिहितो.

स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या तोमिएनं एका रांगेत लावल्या आहेत. काल मिठाची बरणी मी जेवणाच्या टेबलावर विसरलो तर केवढी चिडली. "एक बरणी जागेवर ठेवता येत नाही तुम्हाला?" इतकी वर्षं तिनं माझे मोजे घरभर वेचले, तेव्हा कधी आवाज चढवला नव्हता.

आणि बोलताना ती माझ्या तोंडाकडे बघत नाही. कानाकडे बघते. मी मुद्दाम सरकून पाहिलं, तर ती दुसऱ्या कानाकडे बघायला लागली. आम्हाला मूलबाळ नाही. दिवसभर घरात ती एकटी आणि तिची माती, अशी तिची सवय. आता मी आलो. अडचण होत असेल. तसं असेल तर सांगावं. मी दुपारी वाचनालयात जाऊन बसेन.

१९ मार्च

८००. तीनपैकी एक तडकली. तडकलेली भट्टीच्या मागच्या अंगाला होती, तिथे दहा-बारा अंश जास्त असतात. हे मी आज शोधलं. तोमिएला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा मागच्या बाजूला नेहमी जाड बुडाचा वाडगा ठेवायचे." म्हणजे त्यांना माहीत होतं, आकडा नसला तरी.

२८ मार्च

तेराओबाई आल्या होत्या. बसनं, एकट्या, काठी टेकत. दारातून आत येताना चटईच्या कडेवरून पाय घासत आल्या, जशा त्या नेहमी येतात, आणि बरोबर आपल्या जागी बसल्या.

"काय जावईबापू, बॉयलर सोडून आता सासऱ्याची भट्टी धरलीत म्हणे?"

"फक्त आकडे लिहितो, बाई."

"लिहा, लिहा. तुमचे सासरे एक अक्षर लिहायचे नाहीत. विचारलं की म्हणायचे, बाई, तुम्ही चहा घुसळताना मोजता का?"

तोमिएनं चहा ओतला. ओतताना बोट कपाच्या आत, कडेवर. पाहुण्यांसमोर! मी डोळ्यांनी खुणावलं, पण तिचं लक्ष नव्हतं. शेवटी म्हणालोच, "अगं, बोट."

ती लाल झाली. तेराओबाईंनी कप उचलला आणि हळूच विचारलं, "भाजलं का गं?"

"नाही, बाई."

"हं. वरच्या पेरानं समजतं. सगळं बोट घालायला लागत नाही."

बाईंचं वय झालं आहे, कधी कधी भलतंच बोलतात.

मग त्यांनी माझ्या वाट्या मागितल्या. एकेक तळव्यावर घेतली, डोळे मिटून. ८५० वाली खाली ठेवत म्हणाल्या, "हिचं अंग आवळलंय. गरम चहा घातला तर हात सोडावा लागेल. म्हातारीच्या हाताला ऊब लागायला हवी, चटका नाही." ८०० वाली जरा वेळ धरली. "जवळ आलात."

२ एप्रिल

७५०. एकही तडकली नाही! तोमिएला हाक मारून मारून माझा घसा बसला.

पण दोन वाट्यांच्या कडा चिमट्यात चुरल्या. शिवाय झिलई आत इतकी शोषली गेली की वर चमक उरली नाही. ७०० करण्यात अर्थ नाही. उत्तर ७५० आणि ८०० च्या मध्ये आहे.

तोमिए म्हणाली, "एकच आकडा हवा मला. कुठल्याही दिवशी, न बघता लावला तरी चालेल असा."

शास्त्राचं महत्त्व तिला पटलं, याचा मला फार आनंद झाला.

९ एप्रिल

दुपारी छोटी भट्टी पेटवली होती. ७७० ला भाजलेला, खऱ्या मापाचा पहिला वाडगा. चिमटा तोमिएच्या हातात. मी मागे उभा राहून "डावीकडे, जरा खाली, आता धर" असं सांगत होतो. आठवडाभर ती मला असं बोलायला लावते आहे. मला वाटत होतं की माझी नजर तयार करते आहे.

तिनं वाडगा धरला, बाहेर ओढला. पेटलेल्या निखाऱ्यासारखा होता. वळून विटांच्या ओट्यावर ठेवायचा, एवढंच. ओटा तिथेच आहे, तिच्या जन्माआधीपासून. पण मी पुढे येताना पाण्याची बादली सरकवली होती. तिचा पाय बादलीला लागला, ती अर्धी वळली आणि वाडगा विटांच्या हातभर अलीकडे, हवेत सोडला. माझ्या बुटाजवळ पडून त्याचे तुकडे झाले. बुटाचं रबर जळलं.

मी ओरडलो, "आंधळी आहेस का?"

तोमिएनं चिमटा भिंतीला टेकवून ठेवला. हातमोजे काढले. म्हणाली, "अजून पूर्ण नाही."

१० एप्रिल

मागची पानं वाचली. त्यावर काही लिहीत नाही.

११ एप्रिल

तिला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. माझ्याकडे सरळ बघितलं तर माझ्या चेहऱ्याच्या जागी धुकं असतं, म्हणून कानाकडे बघते. मग चेहरा दिसतो, थोडासा. केस कापायला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायची. तिथे डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात. उपाय नाही म्हणे. वाढायचं थांबेल किंवा थांबणार नाही. भट्टीतला रंग गेल्या पावसाळ्यापासून तिला समजत नाही.

काल दिवसभर मी एकच विचारत होतो, "मला का नाही सांगितलंस?"

आज बांबूचे कोंब सोलता सोलता तिनं सांगितलं. "तुम्ही छत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला. दर तासाला काटा बघायचा, लिहायचं. घरी आलात तेव्हा वाटलं, चला, आता मोकळे झाले. मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे काटा बघायला लागला असता. दर तासाला. 'आता किती दिसतंय? आता किती?' मला नको होतं तसं."

मी म्हणालो, "मी असं केलं नसतं."

"कालपासून चौदा वेळा विचारलंत."

मोजलं होतं तिनं. मोजायला कुणाकडून शिकली कोण जाणे.

मग मी विचारलं, माझी अडचण होते का घरात? ती सोलायची थांबली. माझ्या कानाकडे बघून म्हणाली, "वेडे आहात का हो तुम्ही?"

१६ एप्रिल

गुरुवार. आज दोघं गेलो. डॉक्टर तरुण आणि सभ्य आहेत. परत येताना बसमध्ये तिच्या बाहुल्या मोठ्या होत्या, उन्हाचा त्रास होत होता. माझी टोपी तिला घातली. फार मोठी झाली. ती म्हणाली, "त्या दिवशी सुंदर म्हणालात ना, ते थेंबांमुळे."

मी म्हणालो, "अंशतः."

२५ एप्रिल

पंधरा दिवस तिनं मातीला हात लावला नाही. "तेराओबाईंना कळवा, दुसऱ्या कुणाकडून घ्या म्हणावं." फोनपर्यंत गेलो होतो मी. नंबर फिरवला नाही. भट्टी लावली. ७६०, ७७०, ७८०, ७९०, प्रत्येकी दोन वाट्या, रोज एक खेप. तिनं आधी करून ठेवलेल्या कोरड्या वाट्या होत्या म्हणून जमलं.

आज चार वाट्या ताटात घालून तिच्यापुढे ठेवल्या. "मला कळत नाही," म्हणालो. "काटा सांगतो तेवढंच मला कळतं. यातली कुठली चांगली, ते काटा सांगत नाही."

तिनं एक उचलली, कानाशी नेऊन नखानं टिचकी मारली. आणि मग जीभ बाहेर काढून वाटीच्या अंगाला लावली!

"अगं, काय करतेस!"

"बाबा करायचे. मला ओरडायचे, तू डोळ्यांवर फार जातेस म्हणून." जीभ मातीला चिकटते. माती किती तहानलेली आहे ते त्यावरून कळतं. कमी भाजलेली सोडतच नाही, जास्त भाजलेली धरतच नाही. "ही," ती म्हणाली. "धरते आणि सोडते."

बुडावर मी लिहिलेला आकडा पाहिला. ७८०.

मी चारही मागे नेल्या, क्रम बदलला, पुन्हा आणल्या. ७८०. पुन्हा बदलला. दुसऱ्या चार मिसळल्या. आठांतून दोन्ही ७८० च्या काढल्या तिनं, आणि म्हणाली, "आता पाणी द्या, तोंड मातीनं भरलंय. आणि परीक्षा पुरे."

बॉयलरच्या सगळ्या नोकरीत मी इतकं अचूक यंत्र पाहिलं नाही. हे तिला सांगितलं. यंत्र म्हटल्याबद्दल रागावली. पण संध्याकाळी माती मळायला बसली.

६ मे

पाच वाडगे घडवले. राकूचा वाडगा चाकावर करत नाहीत, दोन तळव्यांत दाबत दाबत उभा करतात. मी समोर बसून बघत होतो. ती खिडकीबाहेर तोंड करून बसली होती आणि हात आपले चालले होते. पस्तीस वर्षं हे माझ्या घरात रोज होत होतं, आणि त्या वेळी मी कामावर असायचो.

१४ मे

७८०. वीस मिनिटं स्थिर. मागच्या अंगाला जाड बुडाचा.

१७ मे

दुसरी भाजणी. चिमटा कुणी धरायचा यावर सकाळी वाद झाला. ती म्हणाली, तुम्ही. मी म्हणालो, माझा हात थरथरतो. ती म्हणाली, माझं दिसणं थरथरतं. शेवटी चिमट्याची मूठ मी धरली आणि माझ्या मागून हात घालून तिनं माझी मनगटं धरली. "दाबू नका. अंड्यासारखा धरा." सगळं अंगण आधी मी मोकळं केलं होतं.

पाचांतला एक तडकला, जाड बुडाचाच. चार राहिले. ओट्यावर ठेवल्यावर झिलईचा बारीक बारीक आवाज येत राहतो, तांदूळ सांडल्यासारखा. दर आवाजाला मी दचकत होतो. ती म्हणायची, "ही झिलई. ही पण झिलई. बसा हो खाली." आम्ही बाकावर बसून राहिलो, वाडगे हात लावण्याइतके निवेपर्यंत. तोवर ती माझ्या खांद्यावर झोपली. खांदा बधिर झाला.

२४ मे

तेराओबाईंचा चहा. पाहुणे आम्ही दोघं आणि त्यांच्या तीन जुन्या शिष्या. पाणी उकळत होतं, कुणी बोलत नव्हतं. बाईंचे हात त्या वयातही काय चालतात! पळी, डबी, घुसळणी, सगळं जिथल्या तिथे, एक हालचाल जास्त नाही. वाडगा त्यांनी दोन्ही हातांत घेतला. चहा झाला. वाडगा त्यांनी तोमिएसमोर ठेवला. ती प्याली. ओठ लावून क्षणभर तशीच थांबली.

रिवाजाप्रमाणे नंतर वाडगा बघायचा असतो. वाकून, न्याहाळून. तोमिएनं तो मांडीवर घेतला आणि बोटांनी फिरवत राहिली. फार वेळ लागला. शिष्या एकमेकींकडे बघायला लागल्या. माझे कान तापले. तोमिए पुटपुटली, "माफ करा बाई, मला आता असंच बघावं लागतं."

तेराओबाई म्हणाल्या, "आणि मी दुसरं काय करते?"

कुणाला कळेना.

"दहा वर्षं झाली, मला ताटातला भात दिसत नाही. तुझ्या बापाचा वाडगा शेवटची काही वर्षं मी हातानंच बघितला. चटईच्या कडेपासून सोळा विणी सोडून पळी, तिथून वीतभर डबी. जागेवर असलं की झालं. एवढ्या शिष्या शिकून गेल्या, एकीला कळलं नाही."

शिष्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. एकीनं तोंडावर किमोनोची बाही दाबली.

"तोमिए फेब्रुवारीत इथे आली तेव्हाच ओळखलं होतं मी," बाई म्हणाल्या. "पावलांवरून. चटईच्या मधोमध चालायला लागली होती. गुरुवारी येत जा गं. डॉक्टर काय ते करतील, मी तुला ओतायला शिकवते."

"पण बाई, तुम्ही तर आजपासून शिकवणं थांबवणार ना?"

"थांबवणार होते. वाडगा हातात घेतल्यावर विचार बदलला." आणि माझ्या दिशेला वळून, "जावईबापू, किती अंश?"

"सातशे ऐंशी."

"छान ऊब आहे."

घरी येताना बसमधून उतरल्यावर तोमिए म्हणाली, "अहो, हात सोडा जरा. मी कडेकडेनं येते." मी सोडला. चार पावलं मागे चाललो.

२९ मे

आज पहिली भाजणी तोमिएनं एकटीनं लावली. भट्टीच्या चकतीवर ७८० पाशी मी कानशीनं खाच पाडून दिली आहे, बोटाला लागते. "तुम्ही बाजारात जा," ती म्हणाली. "तोफू आणा."

गेलो. तोफूचं दुकान पाच मिनिटांवर आहे. देवळाला वळसा घातला. मग पुन्हा घातला. भट्टीच्या बाजूनं धूर दिसतो का बघितलं. विजेच्या भट्टीला धूर नसतो, हे मला माहीत आहे. दुकानदारानं विचारलं, "पाहुणे आहेत का घरी?" तेव्हा लक्षात आलं की मी पाच तोफू घेतले होते.

घरी आलो तेव्हा भट्टी बंद करून ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी काही विचारलं नाही. पिशवी हातात घेऊन तिनं वजन केलं आणि हसायला लागली.

आज किती अंश गेले, किती मिनिटं स्थिर ठेवले, मला माहीत नाही.